एबीएसचा दिवा लागला? आधी मोजा, मग पार्ट मागवा



गॅरेज चालवणाऱ्या मंडळींसाठी आपण जॉब कार्ड, लेबरचे दर, उधारी अशा विषयांवर बोलत असतो. आज मात्र थेट एका कामावर बोलू. गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागलाय आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं आहे. पुढच्या दोन तासांत तुम्ही काय करता, यावर त्या माणसाचा जीव आणि तुमच्या गॅरेजचं नाव, दोन्ही अवलंबून असतं.

अशा वेळी आपल्याकडे साधारण तीन उत्तरं ऐकू येतात. पहिलं, "चालवा हो, ब्रेक लागतोय ना? मग काही होत नाही." दुसरं, गाडी न उघडताच, "सेन्सर गेलाय, मागवून टाकू." आणि तिसरं, "हे आपलं काम नाही, शोरूमला न्या." पहिल्या उत्तरात धोका आहे, दुसऱ्यात जुगार आहे आणि तिसऱ्यात गिऱ्हाईक कायमचं जातं.

हे काम टाळून आता चालणारही नाही. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्या गाड्या आता वॉरंटीच्या बाहेर पडून तुमच्या-माझ्या गावातल्या गॅरेजमध्ये यायला लागल्या आहेत. म्हणजे हे काम वाढतच जाणार. मग ते नीट शिकून, नीट पैसे घेऊन का करू नये?

दिवा नेमकं काय सांगतो?

फक्त पिवळा एबीएसचा दिवा लागला असेल, तर गाडीचे साधे ब्रेक चालू असतात. पेडल दाबलं की गाडी थांबते. फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देण्याची जी सोय आहे, ती कंट्रोल युनिटने स्वतःहून बंद केलेली असते. कोरड्या, सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला फरक जाणवतही नाही. आणि धोका तिथेच आहे! पावसाळ्यात पसरणी घाट उतरताना समोर अचानक म्हैस आली, ड्रायव्हरने दचकून पेडल तळाला नेलं, चाकं जाम झाली, की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. एबीएसचं खरं काम गाडी वळती ठेवणं हे आहे. खडीवर किंवा सुट्या मातीवर तर एबीएस असूनही गाडी थांबायला थोडं जास्तच अंतर लागू शकतं. तेव्हा "एबीएस म्हणजे गाडी लवकर थांबते" एवढंच गिऱ्हाइकाला सांगू नका. "ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते" हे सांगा. त्याला पटतं.

आता दुसरी परिस्थिती. पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागलाय. इथे थांबायचं. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडीची सोयही बंद पडलेली असू शकते. ईबीडी गेलं की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडीचा मागचा भाग फिरण्याचा धोका असतो. ही गाडी "उद्या बघू" म्हणून परत पाठवायची नाही. हँडब्रेक वर राहिला नाही ना, एवढं पाहून लगेच तपासायला घ्यायची.

आत काय चालतं, चार ओळींत

ही सोय पहिल्यांदा आजच्या रूपात बाजारात आली ती १९७८ मध्ये, बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लाससाठी बनवली तेव्हा. मूळ कल्पना अजून तीच आहे. प्रत्येक चाकाजवळ एक स्पीड सेन्सर. चाकाबरोबर फिरणारी एक रिंग. चारही चाकांचे वेग सतत पाहणारं कंट्रोल युनिट. आणि ब्रेकच्या पाइपलाइनमध्ये बसवलेला व्हॉल्व्हचा ठोकळा, त्याला जोडलेल्या पंपासकट. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम हळू झालं, की युनिट त्या चाकाचा दाब धरून ठेवतं, सोडतं, पुन्हा वाढवतं. हे एका सेकंदात अनेकदा होतं. पेडलला पायाखाली जी धडधड जाणवते ती हीच.

म्हणजे या साखळीत सेन्सर, रिंग, वायर, कपलर, फ्यूज, अर्थिंग, युनिट, पंप अशी बरीच माणसं आहेत. दिवा मात्र सगळ्यांसाठी एकच! म्हणून दिव्यावरून पार्ट ठरवणं म्हणजे ताप आहे म्हणून थेट ऑपरेशन करणं.

एक प्रकरण घेऊ

समजावायला सोपं जावं म्हणून एक प्रकरण धरून चालू. टॅक्सी पासिंगची सेडान आहे. पुणे, वाई, महाबळेश्वर अशी पर्यटकांची ने-आण करते. एबीएसचा दिवा महिनाभर लागलेला आहे. मालकाने एका ठिकाणी दाखवली. तिथे स्कॅनर लावला, कोड आला सी००३५, म्हणजे डावीकडच्या पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर. सेन्सर बदलला. दिवा तसाच. मग त्याला सांगितलं गेलं की आता एबीएसचं अख्खं युनिटच बदलावं लागेल. आकडा ऐकून तो तिथून निघाला आणि तुमच्याकडे आला.

तुम्ही काय कराल? पायरी पायरीने जाऊ.

पहिली पायरी: प्रश्न विचारा

प्रश्नाला पैसे लागत नाहीत आणि पानाही लागत नाही. पाच प्रश्न कागदावर छापून ठेवा:

१. दिवा कधीपासून लागतोय?
२. चावी ऑन केल्या केल्या लागतो, की गाडी थोडी चालल्यावर?
३. पाऊस, धुलाई किंवा खड्ड्यात आदळल्यानंतर सुरू झालं का?
४. त्याच्या आधी गाडीचं कुठलं काम झालं? टायर, बेअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक, बॅटरी?
५. पेडल कधी उगाच धडधडतं का?

यातला दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. चावी ऑन करताच युनिट आपल्या वायरिंगची तपासणी करतं. वायर तुटली असेल किंवा शॉर्ट असेल, तर दिवा बहुतेक वेळा गाडी जागेवर असतानाच लागून राहतो. याउलट दिवा आधी विझतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर पुन्हा लागतो, तेव्हा वायरिंग बहुधा ठीक असतं. चाक फिरूनही सिग्नल येत नाही किंवा वाकडा येतोय. म्हणजे रिंग, बेअरिंग, सेन्सरचं अंतर, या बाजूला बघायचं.

आपल्या टॅक्सीवाल्याला विचारलं.

"दादा, दिवा लागायच्या आधी काही काम केलं होतं का?"

"नाही हो. म्हणजे... पुढून घरघर आवाज यायचा, ते डावीकडचं बेअरिंग बदललं होतं. पण त्याचा ब्रेकशी काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो पुढे कळेल. पण एवढ्यावरच "सापडलं!" म्हणून उडी मारायची नाही. वहीत लिहा आणि पुढच्या पायरीला जा.

दुसरी पायरी: डोळे आणि हात

स्कॅनर लावायच्या आधी दहा मिनिटं हे बघा.

ब्रेक ऑइलची पातळी. कमी असेल तर नुसतं ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, आणि गळती असेल तरही उतरते. कारण शोधा.

बॅटरी. बंद गाडीत साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्टेज पडलं की एबीएसचं युनिट स्वतःला बंद करून घेतं आणि भलतेच कोड नोंदवतं. बॅटरीचं दुखणं असताना सेन्सर बदललेल्या गाड्या किती असतील, देव जाणे!

फ्यूज. एबीएसला एकापेक्षा जास्त फ्यूज असतात. पंपाचा वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा. नुसतं बघून ठरवू नका, मीटर लावा.

टायर. चारही एकाच मापाचे आहेत का? एका बाजूला वेगळं माप चढवलं असेल, तर त्या चाकाचा वेग कायम वेगळा दिसणार.

सेन्सरची वायर. गाडी जॅकवर घ्या, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि वायर कुठे ताणली जाते, कुठे घासते ते पाहा. वायर जिथे रोज वाकते, तिथेच आतली तार तुटते. बाहेरचं आवरण मात्र ठीक दिसतं. कपलर उघडा. हिरवट गंज, पाणी, वाकलेली पिन? किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाड्यांत हे फार सापडतं. जिथे गाडी बरेच दिवस उभी असते, तिथे उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधा.

चाक हाताने वर-खाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का, तेही बघा. खेळ असला की सेन्सर आणि रिंगमधलं अंतर बदलत राहतं.

आपल्या टॅक्सीत हे सगळं ठीक निघालं. नवा सेन्सर चकचकीत, वायर शाबूत, बॅटरी चांगली.

तिसरी पायरी: स्कॅनर

इथे एक गोष्ट समजून घ्या. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचे कोडच वाचतात. एबीएसच्या युनिटशी बोलणारा, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर वेगळा असतो. विकत घेण्याआधी दुकानदाराला स्पष्ट विचारा, "माझ्याकडे जास्त येणाऱ्या या पाच गाड्यांचं एबीएस उघडून दाखव."

कोडचं म्हणाल, तर चार चाकांच्या सेन्सर सर्किटचे सर्वसाधारण कोड असे: सी००३५ पुढचं डावं, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. बऱ्याच कंपन्या स्वतःचे वेगळे कोडही वापरतात, म्हणून त्या गाडीचं मॅन्युअल बघायची सवय लावा.

पण कोड वाचला म्हणजे रोग कळला असं नाही. कोड तुम्हाला गल्लीचं नाव सांगतो. घर तुम्हालाच शोधावं लागतं. "पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड" याचा अर्थ त्या चाकाच्या सर्किटमध्ये कुठेतरी गडबड आहे, एवढाच. त्या सर्किटमध्ये सेन्सर, वायर, कपलर, रिंग, बेअरिंग आणि युनिट सगळेच आले.

आता लाइव्ह डेटा. कोड आधी लिहून ठेवा, फोटो काढा, मग पुसा. शेजारी दुसऱ्या माणसाला स्कॅनर घेऊन बसवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगाने गाडी चालवा. चारही चाकांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक चाक शून्यावर अडकलंय? मधेच आकडा टपकन खाली पडतोय? गाडी हळू झाल्यावर एकच चाक बाकीच्यांच्या आधी शून्यावर जातंय? यातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ वेगळा आहे. कायम शून्य म्हणजे सिग्नलच नाही. मधेच पडणारा आकडा म्हणजे रिंगला तडा, सुटणारी वायर किंवा बेअरिंगचा खेळ. आधीच शून्य होणं म्हणजे कमजोर सिग्नल.

आपल्या टॅक्सीत कोड पुसल्यावर दिवा विझला. गाडी गेटच्या बाहेर थोडी गेली आणि दिवा पुन्हा लागला. तीन चाकं २५ दाखवत होती, पुढचं डावं शून्य. नवा सेन्सर असूनही शून्य!

चौथी पायरी: मीटर

सेन्सर दोन जातींचे असतात. दोन्हींना बहुतेक वेळा दोनच वायर असतात, त्यामुळे वरून फरक कळत नाही. मोजण्याची पद्धत मात्र पूर्ण वेगळी आहे.

जुन्या जातीचा, म्हणजे पॅसिव्ह. आत चुंबक आणि तारेची गुंडाळी. समोर दात असलेली लोखंडी रिंग फिरली की हा स्वतःच वीज तयार करतो. याचा रेझिस्टन्स मोजता येतो. बऱ्याच गाड्यांत तो साधारण १००० ते २५०० ओहमच्या दरम्यान असतो. मॅन्युअलमधला आकडा अंतिम समजा, आणि तो हाताशी नसेल तर डाव्या-उजव्या सेन्सरची तुलना करा. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने हाताने फिरवा. ०.१ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसायला हवं, आणि जोरात फिरवलं की वाढायला हवं.

नव्या जातीचा, म्हणजे ॲक्टिव्ह. यात इलेक्ट्रॉनिक्स आहे. याला युनिटकडून सप्लाय लागतो, आणि हा करंट बदलून सिग्नल देतो, साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर असा. याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही. उलट मीटरने सेन्सर बिघडायची भीती. याच्यासाठी कपलर सोडवा, चावी ऑन करा आणि गाडीकडून येणाऱ्या वायरच्या दोन पिनांवर डीसी व्होल्ट मोजा. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या जवळपास किंवा थोडं कमी मिळतं. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या चाकाशी तुलना करा. सप्लायच नसेल तर वायर किंवा युनिटकडे जा. काही युनिटं फॉल्ट दिसल्यावर सप्लाय तोडतात, म्हणून चावी एकदा बंद-चालू करून लगेच मोजा. मोजण्यासाठी कपलर सोडवला की नवा कोड नोंदला जातो, तो नंतर पुसायला विसरू नका.

आपल्या टॅक्सीत ॲक्टिव्ह सेन्सर होता. डावीकडे सप्लाय उजवीकडच्या इतकाच मिळाला. म्हणजे युनिट सप्लाय देतंय, वायर तो पोचवतेय, सेन्सर नवा आहे. उरलं काय? रिंग!

रिंग कुठे गेली?

जुन्या गाड्यांत दातांची रिंग डोळ्यांना दिसते, सीव्ही जॉइंटवर किंवा हबवर बसवलेली. तिला तडा गेलाय का, दातांत चिखल किंवा लोखंडाचा भुगा अडकलाय का, ते पाहता येतं. पण ॲक्टिव्ह सेन्सरच्या बऱ्याच गाड्यांत वेगळी रिंग नसतेच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाचे छोटे छोटे भाग बसवलेले असतात, तीच रिंग. दिसायला ते साधं काळपट सील. प्रेसमध्ये बसवायचं बेअरिंग असेल, तर ते उलटं बसू शकतं. बेअरिंग म्हणून ते छान चालतं. घरघर बंद होते. चाक मस्त फिरतं. पण चुंबकाची बाजू सेन्सरकडे नसते, ती बाहेरच्या अंगाला गेलेली असते.

हे तपासायला चुंबकीय कार्ड मिळतं, हिरवट पारदर्शक. चुंबकाच्या सीलवर धरलं की त्यात पट्ट्या पट्ट्या दिसतात. आपल्या टॅक्सीचा ड्राइव्ह शाफ्ट बाजूला काढून बेअरिंगच्या आतल्या तोंडावर कार्ड धरलं. एकही पट्टी नाही. बेअरिंग उलटं होतं.

सेन्सर चांगला होता. युनिट चांगलं होतं. बदलला गेलेला जुना सेन्सरही बहुधा चांगलाच असणार. आणि महिनाभर ती टॅक्सी पर्यटकांना घेऊन एबीएसशिवाय घाट चढत-उतरत होती.

दुरुस्ती काय? प्रेसने बाहेर काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नाही, कारण काढताना त्याच्या आतल्या भागावर जोर येतो. नवं बेअरिंग, योग्य बाजूने, बसवण्याआधी कार्ड लावून खात्री केलेलं. सेन्सरची बसायची जागा साफ. हब नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने. बस्स.

दिवा नाही, पण पेडल धडधडतं

अशीही तक्रार येईल: "सिग्नलला गाडी थांबता थांबता पेडल कुरकुर करत धडधडतं. दिवा मात्र लागत नाही." अगदी हळू वेगात, थांबायच्या जरा आधी हे होत असेल, तर एका चाकाचा सिग्नल कमजोर आहे, हा पहिला संशय. हळू वेगात तो सिग्नल नाहीसा होतो, युनिटला वाटतं चाक जाम झालं आणि ते उगाच दाब सोडतं. सेन्सरच्या खाली गंज फुगून तो रिंगपासून वर उचलला गेलेला असतो, किंवा रिंगला तडा असतो. सेन्सर काढून खालची जागा पॉलिश पेपरने साफ केली, भुगा पुसला, की बरेचदा नवा पार्ट न घालता काम होतं. गंजून अडकलेला सेन्सर मात्र पान्याने उपटायला जाऊ नका. गंज सोडवणारं स्प्रे मारून थोडा वेळ द्या.

युनिटवर संशय सगळ्यात शेवटी

पंप किंवा युनिटचा कोड आला तरी आधी त्याचा सप्लाय आणि अर्थिंग तपासा, तेही लोड असताना. स्कॅनरवरून पंप चालवा आणि तो चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते युनिटची अर्थिंग यांच्यात व्होल्ट मोजा. ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगमध्ये रोध आहे. बोल्ट सोडवून, घासून, परत आवळा. एका सैल अर्थिंगपायी अख्खं युनिट बदलायची पाळी गिऱ्हाइकावर आणू नका.

युनिट खरोखर बदललं, किंवा पाइपलाइन उघडली, तर एअर नीट काढावी लागते, आणि काही गाड्यांत ती स्कॅनरच्या मदतीनेच पूर्ण निघते. बदललेल्या युनिटचं कोडिंगही लागू शकतं. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून वर्षानुवर्षं उघडी पडलेली बाटली वापरू नका.

काम झाल्यावर ट्रायल

कोड पुसला, दिवा विझला, चावी दिली, असं करायचं नाही. पुन्हा लाइव्ह डेटा बघा, चारही चाकं सारखी आहेत का. मग मोकळ्या, निर्मनुष्य, सरळ जागी, सीटबेल्ट लावून, मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करून, ३०-४० च्या वेगात जोरात ब्रेक मारा. पेडलला धडधड जाणवली, गाडी सरळ राहिली, दिवा परत लागला नाही, की काम पूर्ण. ट्रायलनंतर पुन्हा एकदा स्कॅन करून "एकही कोड नाही" असा फोटो जॉब कार्डला जोडा.

आता धंद्याचं बोलू

वरच्या सगळ्या तपासणीला दीड तास लागला असं धरा. बहुतेक गॅरेजवाले हा दीड तास फुकट देतात आणि पार्टच्या मार्जिनमधून भरून काढायला बघतात. त्यामुळेच पार्ट बदलायची घाई होते!

हिशेब करू. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. भाडं, दोन मेकॅनिकचे पगार, लाइट बिल, स्कॅनरचं अपडेट मिळून महिन्याचा खर्च ७८,००० रुपये. २६ दिवस, दोन माणसं, रोज प्रत्येकी ६ तास खरं काम, म्हणजे ३१२ तास. ७८,००० भागिले ३१२, म्हणजे तासाला २५० रुपये. दीड तासाचे ३७५ रुपये तुमच्या खिशातून आधीच गेले, आणि यात तुमचा नफा अजून एक रुपयाही नाही. म्हणून तपासणीची फी लावा. ७०० लावा, ८०० लावा, पण आधी सांगून लावा.

सांगायचं कसं? असं:

"दादा, आधी तपासणी करतो. तिचे ७०० रुपये. काय बिघडलंय आणि कशावरून म्हणतोय, ते मीटरवर दाखवतो. काम माझ्याकडे करा किंवा दुसरीकडे, तपासणीचा कागद तुमचा."

काही गिऱ्हाइकं कुरकुर करतील. पण इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. अंदाजाने २,५०० चा सेन्सर घालून दिवा तसाच राहिला, तर ते पैसे कोण देणार? एक तर गिऱ्हाईक, नाही तर तुम्ही. दोघांपैकी कोणीही दिले तरी नातं तुटतं. ७०० रुपयांची तपासणी दोघांनाही स्वस्त पडते.

आणखी दोन गोष्टी. आपल्या टॅक्सीवाल्याला उलटं बेअरिंग दाखवताना आधीच्या मेकॅनिकला शिव्या घालू नका. "बेअरिंगची चुंबकाची बाजू बाहेर गेली होती, आता आत घेतली," एवढंच सांगा आणि कार्डावरच्या पट्ट्या दाखवा. मालकाला बाकीचं समजतं. तुम्ही दुसऱ्याची अब्रू राखता, हेही त्याला दिसतं.

दुसरी, आणि यावर तडजोड नाही. कोणी म्हणेल, "दिव्याची वायरच काढून टाका ना, नजरेला त्रास नको." स्पष्ट नाही म्हणा. ती गाडी उद्या विकली जाईल, दुसरं कुटुंब त्यात बसेल, आणि त्यांना कधी कळणारही नाही की ब्रेकची अर्धी सोय बंद आहे. गिऱ्हाईक दुरुस्ती नाकारत असेल, तर जॉब कार्डावर तसं लिहा, "एबीएस बंद आहे, जोरात ब्रेक मारल्यास चाकं जाम होऊ शकतात, मालकाला सांगितले," आणि सही घ्या.

या आठवड्यात एवढं करा

पाच प्रश्नांचा कागद छापा आणि काउंटरवर ठेवा. चांगला मल्टिमीटर नसेल तर घ्या. चुंबकीय कार्ड मागवा, स्कॅनरच्या मानाने ते अगदी किरकोळ पैशांत येतं. प्रेस मारणाऱ्या पोराला बोलावून बेअरिंगच्या दोन्ही बाजूंवर ते कार्ड धरून दाखवा. एकदा पाहिलं की तो ते जन्मात उलटं बसवणार नाही. आणि तपासणीची फी किती, ते भिंतीवरच्या दरपत्रकात लिहून टाका.

पुढची एबीएसची गाडी आली की पार्टवाल्याला फोन लावायच्या आधी मीटर हातात घ्या.